गाडी जुनी झाली म्हणून तेल जाड करायचं का?

ग्वाल्हेरमध्ये कुठल्याही गॅरेजवर दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेऊन उभे राहा, मिस्त्री बोनेट उघडायच्या आधीच सांगतो, "भैया, गाड़ी पुरानी हो गई, अब इसमें गाढ़ा मोबिल चलेगा." (मोबिल म्हणजे इंजिन ऑइल, डब्यावर ब्रँड कुठलाही असो.) आपणही मान हलवतो कारण ऐकायला पटतंच ना, इंजिन घासलं, आतल्या फटी वाढल्या, मग त्या भरायला जाड तेल, हिशोब साफ. पण "जुनी गाडी" म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो. एक म्हणजे जुन्या डिझाइनची गाडी, ॲम्बेसेडर, पद्मिनी, कास्ट आयर्नची बुलेट, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. दुसरी म्हणजे डिझाइन बऱ्यापैकी नवं पण खूप पळालेली, समजा २०११-१२ ची स्विफ्ट, लाख-दीड लाख किलोमीटर झालेली. दोघींना मिस्त्री एकच तेल सुचवतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी हे तेल आत करतं काय ते बघू. क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) आणि त्याच्या बेअरिंगमधली जागा साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते, डोक्यावरच्या केसापेक्षा बारीक. इंजिन फिरायला लागलं की शाफ्ट त्या जागेत तेलाला स्वतःच ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर चक्क तरंगतो, लोखंड लोखंडाला टेकतच नाही. ऑइल पंपाचं काम फक्त तिथपर्यंत तेल पोचवण्याचं, वजन पेलणारा दाब शाफ्टच्या फिरण्यामुळे तयार होतो. म्हणजे तेल इतकं जाड हवं की तो थर तुटणार नाही आणि इतकं पातळ हवं की सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर वर वाल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचेल, शिवाय फिरत राहून आतली उष्णता बाहेर आणेल, काजळी धुऊन घेईल. या दोन उलट्या मागण्यांमधला तोडगा म्हणजे डब्यावरचे ते आकडे.

२०डब्ल्यू-४० हे उदाहरण घ्या. हे आकडे एसएई नावाच्या अमेरिकन संस्थेच्या मापाचे, ती संस्था १९०५ ची, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्याच्याच वयाची, योगायोग. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला आणि डब्ल्यू म्हणजे विंटर. नंतरचा आकडा १०० अंशांना तेल किती जाड राहतं त्याचा. ४० नंबरचं तेल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मधे, ३० नंबरचं ९.३ ते १२.५ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. सेंटिस्टोक्स वगैरे लक्षात नाही राहिलं तरी चालेल, फक्त एवढं ध्यानात ठेवा की ३०, ४०, ५० म्हणजे एकेक पायरी आहे आणि ३० वरून थेट ५० वर जाणं म्हणजे दोन पायऱ्यांची उडी.

आता गंमत बघा, गरम असताना ५डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-५० यांच्यात दीड-पावणेदोन पटीचा फरक असतो, पण ४० अंशांना तोच फरक अडीच-तीन पटीवर जातो, आणि जानेवारीत पहाटे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पारा ५ अंशांवर येतो तेव्हा २०डब्ल्यू-५० इतकं दाट झालेलं असतं की थंडीतल्या काकवीसारखं ते धार न सोडता लोळत खाली येतं. गाडी सुरू होते, ते काही गोठत नाही, २०डब्ल्यूची स्टार्टिंगची परीक्षा उणे १५ अंशांना घेतात आणि तेवढी थंडी ग्वाल्हेरात कधी पडत नाही. पण वरच्या भागात तेल पोचायला वेळ लागतो, टॅपेटचा (कॅम आणि वाल्व यांच्यामधला तुकडा) टकटक आवाज काही सेकंद येत राहतो, आणि इंजिनाची बरीचशी झीज या थंड सुरुवातीच्या वेळातच होते. नेमकं त्याच वेळी आपण शाळेला उशीर होतोय म्हणून रेस मारतो.

उलट बाजूने उन्हाळ्याची भीती जरा जास्तच घेतली जाते. "आपल्याकडे ४५-४६ डिग्री असतं हो, पातळ तेल जळून जाईल," हे मी मेच्या महिन्यात इतक्यांदा ऐकलंय. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत, म्हणजे जवळपास सगळ्याच कारमध्ये, थर्मोस्टॅट पाण्याला ८५-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, तेल ९० ते ११० मध्ये फिरतं, बाहेर २५ असो की ४५, रेडिएटर आणि पंखा ठीक असतील तर आतल्या तेलाला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला, म्हणजे बुलेट, स्प्लेंडर, स्कूटर, आणि त्यातही महाराज बाड्याच्या चौकातल्या जाममध्ये पहिल्या गिअरवर रांगताना, कारण तेव्हा हवाच लागत नाही. तिथे एक पायरी जाड तेलाचा विचार करणं रास्त आहे. पण एसी लावून पळणाऱ्या स्विफ्टला उन्हाळ्यासाठी २०डब्ल्यू-५० टाकणं म्हणजे उगीचच.

त्या स्विफ्टचंच जास्त वाईट होतं खरं तर. अलीकडच्या इंजिनांमध्ये तेल नुसतं वंगण नसतं, ते हायड्रॉलिकचं, म्हणजे दाबाने भाग हलवण्याचं कामही करतं. व्हेरिएबल वाल्व टायमिंग (वाल्व उघडण्याची वेळ गरजेप्रमाणे बदलणारी सोय) असेल तर त्याचा ॲक्च्युएटर तेलाच्या दाबाने फिरतो, चेनवाल्या इंजिनात चेनचा टेन्शनर तेलाच्या दाबावर ताठ राहतो, हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ते तेलानेच भरतात, आणि या सगळ्यांच्या वाटा बारीक. तिथे जाड तेल वेळेवर पोचत नाही, मग चेन खडखडते, चेक इंजिनचा दिवा लागतो, मिस्त्री सेन्सर बदलतो, पैसे जातात, आणि तेलाकडे कोणी बघतच नाही. कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर गाडीने दोन लाख किलोमीटर केले तरी सुरुवात ५डब्ल्यू-३० पासूनच करायची. तेल खायला लागली तर फार तर ५डब्ल्यू-४०, म्हणजे थंडीतला आकडा तोच, गरमीतला एक पायरी वर.

मग जाड तेलाने आवाज कमी होतो, धूर कमी होतो, ते काय खोटं? खोटं नाही, होतो. मीटर असेल तर ऑइल प्रेशरही जास्त दिसतं. पण प्रेशर जास्त म्हणजे तेल जास्त फिरतंय असं नाही. दाब एका हद्दीच्या वर गेला की पंपाचा रिलीफ वाल्व उघडतो आणि तेल इंजिनात न जाता परत तळाच्या चेंबरमध्ये पडतं, काटा मात्र छान वर दिसतो आणि आपण खूश.

धूर का येतोय हे न बघता तेल जाड करणं मला पटत नाही, कारण धुरामागची कारणं वेगळी आणि त्यांचे खर्चही वेगळे. आमच्या जिवाजीगंजच्या मामांची मारुती ८०० आहे, जुनी कार्ब्युरेटरवाली. मागच्या थंडीत मिस्त्रीने त्यांना पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं होतं, नाहीतर ५० नंबर टाका म्हणे. मी त्यांना म्हटलं, "मामा, आधी धूर कधी येतो ते नीट बघा, मग ठरवू." सकाळी गल्लीत गाडी सुरू केली, मागे पांढऱ्या भिंतीसमोर निळसर भपका आला आणि अर्ध्या मिनिटात साफ. मग किल्ल्याच्या उरवाई गेटचा चढ दुसऱ्या गिअरवर चढवली, मागे माझा मामेभाऊ स्कूटरवर लक्ष ठेवून, चढावर काही नाही. उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच खाली आलो आणि खाली येऊन पाय दिला तर पुन्हा एक भपका. याचा अर्थ वाल्व सील कडक झालेत, रात्रभर किंवा उतारावर वरचं तेल वाल्वच्या गाइडमधून झिरपून सिलेंडरमध्ये जातं आणि जळतं. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, लोडवर, सतत निळा धूर आला असता, आणि चालू इंजिनात तेल भरायचं झाकण उघडलं की फक फक वाफ बाहेर आली असती. वाल्व सील रबराची छोटी टोपी असते, ती बदलण्याचं काम ओव्हरहॉलिंगच्या मानाने काहीच नाही. मामांनी सील बदलले आणि पूर्वीचंच २०डब्ल्यू-४० ठेवलं.

पांढरा दाट धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर तो तेलाचा विषयच नाही, हेड गॅसकेट बघा. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटर बघा. ही दोन्ही दुखणी जाड तेल टाकून बरी केलेली कोणाला माहीत असतील तर मला जरूर सांगावं.

बरं, रिंगा खरंच घासल्या असतील आणि इंजिन आत्ता खोलायचं नसेल तर? तर टाका की एक पायरी जाड. ४० ऐवजी ५०. त्यात लाजण्यासारखं काही नाही, गाडी आणखी वर्षभर चालवायची आणि मग विकायची किंवा खोलायची असा हिशोब असेल तर तो शहाणपणाच. फक्त आपण इंजिन दुरुस्त केलं असं समजू नका. आणि त्या घट्ट, मधासारख्या ॲडिटिव्हच्या बाटल्या मिळतात ना, "धूर बंद" वाल्या, त्यात मुख्यतः तेल जाड करणारं पॉलिमर असतं, तेच काम ५० नंबरचं तेल स्वस्तात करतं.

आता डबा हातात घ्या आणि मागची बाजू वाचा, समोरच्या मोठ्या अक्षरांना काही अर्थ नसतो, "पॉवर", "अल्ट्रा", "गोल्ड" वगैरे. मागे बारीक अक्षरात एपीआय (तेलाचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) असं लिहून पुढे दोन अक्षरं असतात, एसएल, एसएम, एसएन, एसपी. पहिलं एस म्हणजे पेट्रोल इंजिन, सी असेल तर डिझेल, उदाहरणार्थ सीआय-४, सीके-४. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नवं. एसएल २००१ चं, एसएम २००४ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. साधारणपणे नवीन अक्षराचं तेल जुन्या गाडीला चालतं, जुन्या अक्षराचं नव्या गाडीला चालत नाही. एसएफ लिहिलेले डबे अजूनही कुठे कुठे मिळतात, एसएफ हे १९८८ पर्यंतच्या इंजिनांसाठीचं माप आहे, दुकानदार म्हणतो "पुरानी गाड़ी के लिए बढ़िया", पण आज एसएल किंवा एसएन त्याच किंवा थोड्या जास्त पैशात मिळत असताना ते कशाला घ्यायचं मला समजत नाही.

याच ठिकाणी जुन्या डिझाइनच्या गाड्यांची एक खरी अडचण येते, आणि ती जाड-पातळची नाहीच. तेलात झेडडीडीपी नावाचं जस्त आणि फॉस्फरसचं एक रसायन असतं, जिथे तेलाचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासला जातो तिथे ते स्वतः एक संरक्षक पापुद्रा बनवतं. ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन, पद्मिनी, जुनी बुलेट, यांच्यात कॅमचा लोब, म्हणजे उंचवटा, सपाट टॅपेटवर घासत जातो, रोलर नसतो, आणि तिथलं ओझं फार असतं, म्हणून यांना झेडडीडीपीची गरज जास्त. पण फॉस्फरस नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरकडे जाणारा धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करतो, म्हणून एसएमपासून त्यावर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. आता वाचायची गोष्ट ही की ही मर्यादा फक्त पातळ ग्रेडना आहे, ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे. २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-४० यांना वरची मर्यादा नाही. म्हणून ज्या काकांकडे अजून पद्मिनी झाकून ठेवलेली आहे त्यांनी चांगल्या कंपनीचं साधं २०डब्ल्यू-५० घातलं तर ते बरोबरच आहे. फटी भरायला नव्हे, तर त्या गाडीला असंच तेल लागतं म्हणून. काही जण अशा गाडीत डिझेलचं १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस टाकतात, त्यात हे रसायन आणि साफसफाईचे घटक दोन्ही भरपूर असतात, सपाट टॅपेटच्या पेट्रोल कारमध्ये ते चालून जातं, डब्यावर सीआय-४ बरोबर एसएल असंही लिहिलं असेल तर आणखी बरं. पण बाइकमध्ये हा प्रयोग नको, का ते पुढे.

बाइकचं वेगळं आहे. कारच्या इंजिनात फक्त इंजिनाचं तेल, पण स्प्लेंडर, सीडी-१००, पल्सर यांच्यात एकच तेल इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना पुरतं. क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या, आणि प्लेटांना घर्षण हवं, घसरण नको. कारच्या तेलात ॲव्हरेज वाढावा म्हणून घसरण वाढवणारे घटक घातलेले असू शकतात, ते प्लेटांवर बसले की क्लच स्लिप, गाडी रेस घेते पण पळत नाही, आणि आपण क्लच प्लेट बदलून येतो. म्हणून बाइकच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं असलंच पाहिजे, हे नसेल तर बाकी कितीही छान लिहिलेलं असो, डबा परत ठेवा. ॲक्टिव्हासारख्या गिअरलेस स्कूटरला जासो एमबी, तिचा क्लच कोरडा असतो. शिवाय बाइकचे गिअर तेलाला दळून काढतात, मल्टिग्रेडमधलं, म्हणजे दोन आकड्यांच्या तेलातलं पॉलिमर तुटतं आणि ४० नंबरचं तेल काही हजार किलोमीटरनंतर ३० च्या जवळ येऊ शकतं, म्हणून बाइकला महागडं तेल टाकून दुप्पट चालवण्यापेक्षा साधं तेल टाकून वेळेवर बदलणं मी पसंत करतो. स्प्लेंडरला तर कारसारखा कागदी ऑइल फिल्टरही नसतो, जाळी आणि फिरून कचरा बाजूला फेकणारा रोटर असतो, त्यामुळे त्यातला कचरा तेलाबरोबरच बाहेर काढावा लागतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच केस यांची तेलं वेगवेगळी, इंजिनात २०डब्ल्यू-५०, आणि इथे बरेच नवखे मिस्त्री एकाच ठिकाणी तेल टाकून मोकळे होतात. टू-स्ट्रोक चेतक किंवा आरएक्स १०० असेल तर हा सगळा लेख तुमच्यासाठी नाहीच, तिथे तेल पेट्रोलबरोबर जळून जातं, जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) घ्या आणि चेतकच्या गिअरबॉक्सचं तेल विसरू नका.

सिंथेटिक की साधं, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. सिंथेटिक म्हणजे नक्की काय यावरच कंपन्यांचं एकमत नव्हतं, १९९९ साली अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीवर हरकत घेतली होती की खनिज तेलच फार शुद्ध करून त्याला सिंथेटिक म्हणताय, आणि निकाल लागला की म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून डब्यावर फुल सिंथेटिक लिहिलेल्या बऱ्याच तेलांत हेच फार शुद्ध केलेलं खनिज तेल असतं. ते वाईट नाही, उलट चांगलंच आहे, थंडीत लवकर वाहतं, गरमीत लवकर खराब होत नाही, फक्त त्यात जादू नाही.

"जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की गळायला लागतं" यात थोडं तथ्य आहे. फार पूर्वीच्या काही सिंथेटिक तेलांनी रबराचे सील आक्रसायचे, आता तो प्रश्न राहिलेला नाही. आता होतं काय की वर्षानुवर्षं उशिरा तेल बदललेल्या इंजिनात काळा चिकट गाळ साठलेला असतो, तोच गाळ फाटलेल्या सीलला आतून चिकटून गळती थांबवत असतो, आणि नव्या तेलातले डिटर्जंट तो धुऊन काढतात. गळती सिंथेटिकने केली नाही, ती होतीच, उघडी पडली. अशा गाडीत मी एकदम इंजिन फ्लश मारायला सांगणार नाही, सुटलेले गाळाचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर तेलच चढत नाही आणि मग खरंच इंजिन बसतं. त्यापेक्षा आहे त्याच ग्रेडचं चांगलं तेल टाकून दीड-दोन हजार किलोमीटरलाच फिल्टरसकट बदला, असं दोन-तीनदा करा, हळूहळू साफ होतं. आणि गळती टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून असेल तर आधी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पाइप तुंबलाय का ते बघा, तो बंद असला की आतला दाब तेल कुठूनतरी बाहेर ढकलणारच, नवं पॅकिंग टाकूनही चार महिन्यांत पुन्हा ओलं.

तेल काळं झालं म्हणजे खराब झालं असंही नाही. डिझेल गाडीत तर बदलल्यानंतर आठवड्यातच काळं कुट्ट होतं, काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच. खराब तेल ओळखायचं असेल तर रंगापेक्षा वास आणि पातळी बघा. डिपस्टिक काढून एक थेंब दोन बोटांत घ्या, पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी कमी व्हायच्या ऐवजी वर चढलेली असेल तर पेट्रोल आत मिसळतंय. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुतीत फ्युएल पंपाचा पडदा फाटला की असं होतं, पेट्रोल थेट चेंबरमध्ये, तेव्हा कुठलंही महागडं तेल टाका, ते पाण्यासारखं पातळ होणार. पातळी वर दिसली की "वा, तेल खात नाही" असं म्हणणारे आहेत आपल्याकडे.

थंडीत तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट मलई जमते, ती बघून लोक घाबरतात की हेड गॅसकेट गेलं. दालबाजार ते नया बाजार एवढीच गाडी चालत असेल तर इंजिन पूर्ण तापतच नाही, आतली ओल वाफ होऊन बाहेर पडत नाही, तीच तेलात मिसळून झाकणावर बसते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल आणि पाणी कमी होत नसेल तर रविवारी मुरैनापर्यंत हायवेवर चालवून आणा, जाते ती. डिपस्टिकवरही दुधट तेल असेल तर मात्र गाडी बंद करा आणि मिस्त्रीला घरी बोलवा.

म्हणूनच कमी चालणाऱ्या जुन्या गाडीचं तेल किलोमीटरवर नाही, महिन्यांवर बदलायचं. कार वर्षातून एकदा तरी, थंडी संपल्यावर बदललेलं उत्तम, कारण ओल आणि पेट्रोल थंडीतच जास्त मिसळतं. जास्त चालत असेल तर कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ५,००० किलोमीटर, बाइकला २,५००-३,०००. आणि आपल्याकडची धूळ, मे-जूनमधल्या आंधीनंतर एअर फिल्टर काढून झटका, फाटका फिल्टर असेल तर धूळ सरळ सिलेंडरमध्ये जाऊन रिंगा खाते.

तेल मोजताना गाडी सपाट जागेवर, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून. स्प्लेंडरची डिपस्टिक आटे फिरवून आत घालायची नसते, नुसती टेकवायची आणि काढून बघायची. आटे फिरवले की काडी जास्त बुडते, तेल भरपूर दिसतं, आणि प्रत्यक्षात इंजिन कमी तेलावर चालत राहतं. दोन सर्व्हिसिंगच्या मधे अर्धा लिटर तेल कमी होणं जुन्या कारला माफ आहे, घरात एक सीलबंद लिटर ठेवा. टॉपअपला वेगळ्या ब्रँडचं किंवा सिंथेटिकमध्ये साधं मिसळलं तरी काही फाटत नाही, एपीआयवाली तेलं एकमेकांत मिसळतील अशीच बनवतात. कमी तेलावर चालवण्यापेक्षा मिसळलेलं कितीतरी बरं.

घेताना पंपावरून किंवा ओळखीच्या मोठ्या दुकानातून घ्या, झाकणाखालचं फॉइल तपासा, पक्कं बिल घ्या, आणि तेल डोळ्यांसमोर ओतून घ्या. रिकामा डबा गॅरेजवर तसाच सोडू नका, तिथेच स्क्रूड्रायव्हरने भोसकून टाका, नाहीतर तोच डबा भरून पुढच्या गिऱ्हाइकासमोर येतो. काढलेलं जुनं तेल मात्र गॅरेजच्या ड्रममध्येच जाऊ द्या, ते रिफायनिंगवाल्यांकडे जातं. आपल्या स्वर्णरेखा नदीत आधीच काय कमी घाण आहे.